महाकाय स्क्विडला भ्यायचे किती?

२६ ऑक्टोबर १८७३ ची गोष्ट. आजच्या कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तेथील पोर्चुगल कोव्ह या गावाजवळ दोन मच्छीमार एका लहानशा होडीतून मासे पकडायला निघाले होते. बरोबर त्यांपैकी एकाचा बारा वर्षांचा मुलगाही होता. पाण्यावर काहीतरी मोठे तरंगताना त्यांना दिसले. एखाद्या फुटलेल्या गलबताचे शीड किंवा सामान असेल, असे वाटून त्यांनी आकडी लावलेल्या काठीने ते टोचून पाहिले.

तोच ते ‘सामान’ उसळून उठले! पोपटाच्या चोचीसारखी एक मोठी चोच होडीच्या काठावर आपटली आणि दोन लांबलचक हात होडीवर येऊन पडले. होडी कलू लागली. सांगतात की, त्या मुलाने प्रसंगावधान राखून जवळची छोटी कुऱ्हाड उचलली आणि ते दोन्ही हात तोडून टाकले. त्याबरोबर आसपासचे पाणी शाईने काळे करून तो प्राणी नाहीसा झाला.

ही केवळ कोळ्यांची थाप म्हणून सोडून देता आली असती. परंतु तोडलेला एक हात होडीतच राहिला होता! सेंट जॉन्स या जवळच्या शहरात मोझेस हार्वी नावाचे एक धर्मोपदेशक राहत. त्यांना निसर्गविज्ञानाचा मोठा नाद होता. त्या हाताचा १९ फुटांचा, म्हणजे जवळजवळ ६ मीटर लांबीचा तुकडा त्यांनी मिळवला. पुढच्याच महिन्यात त्याच बेटावर असा एक अख्खा प्राणी कोळ्यांच्या जाळ्यात सापडला. हार्वी यांनी तोही विकत घेतला आणि आपल्या घरातील स्नानाच्या टबावर टांगून त्याचे छायाचित्र काढवले. समुद्रातील ज्या राक्षसाच्या कथा खलाशी शतकानुशतके सांगत होते, तो राक्षस खरोखरच आहे, हे जगाला पटले. तो राक्षस म्हणजे महाकाय स्क्विड.

पण विद्यार्थी मित्रांनो, प्राणी खरा आहे हे सिद्ध झाले म्हणजे त्याच्याविषयीच्या सगळ्या कथाही खऱ्या ठरतात का? असे प्रचंड स्क्विड पाणबुड्यांना आणि मच्छीमारांना खरोखरच धोकादायक आहेत का? या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधणार आहोत. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे, प्राणिशास्त्राचा नव्हे. त्यामुळे मला प्रत्येक गोष्ट मोजून पाहण्याची खोड आहे. मग भीती तरी मोजल्यावाचून का सोडावी?

स्क्विड म्हणजे काय?

आपल्या कोकणातील मासळीबाजारात ‘माकुल’ मिळते, ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, खाल्लीही असेल. स्क्विड हा त्याच कुळातील प्राणी. त्याला आपण सवयीने मासा म्हणतो, पण तो मासा नव्हे. गोगलगाय, शिंपले यांच्याप्रमाणे तो मृदुकाय संघात मोडतो. त्याच्या अंगात हाड नसते. डोक्यालाच हातपाय फुटल्यासारखे दिसतात, म्हणून त्याच्या वर्गाला शीर्षपाद असे नाव आहे. अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस हा त्याचा भाऊबंद. अष्टपादाला आठ बाहू असतात. स्क्विडला आठ बाहू आणि शिवाय दोन अधिक लांब हात असतात. या लांब हातांना संस्पर्शक म्हणतात. भक्ष्य टप्प्यात आले की हे दोन हात झटकन पुढे फेकले जातात आणि भक्ष्याला ओढून आठ बाहूंच्या स्वाधीन करतात. बाहूंच्या मधोमध तोंड असते आणि तोंडात कठीण चोच.

बाहूंवर आणि संस्पर्शकांच्या टोकांवर लहानलहान पेल्यांसारखे चूषक असतात. स्क्विडच्या चूषकांच्या कडेला कठीण कडी असते आणि बऱ्याच जातींत त्या कडीला करवतीसारखे दाते असतात. अष्टपादाच्या चूषकांना असे दाते नसतात.

स्क्विडची पोहण्याची तऱ्हा तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. त्याच्या धडाभोवती स्नायूंची एक पिशवी असते, तिला प्रावार म्हणतात. तो या पिशवीत पाणी भरून घेतो आणि पिशवी आवळून एका नळीतून ते जोराने बाहेर फेकतो. पाणी एका दिशेला, स्क्विड विरुद्ध दिशेला. न्यूटनचा तिसरा नियम! अग्निबाण याच तत्त्वावर उडतो.

धोका मोजायचा कसा?

एखादी वस्तू धोकादायक आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला प्रश्न : तिची आणि आपली गाठ पडण्याचा संभव किती? दुसरा : गाठ पडलीच, तर इजा करण्याचे बळ तिच्यात किती? आणि तिसरा : ते बळ ती आपल्यावर वापरते का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे मोठी असतील, तरच धोका मोठा. गुणाकारातील एक संख्या शून्याजवळ असेल, तर बाकीच्या कितीही मोठ्या असल्या तरी गुणाकार लहानच येतो, तसेच हे आहे. आता याच तीन प्रश्नांच्या फूटपट्टीने आपण तीन मोठे स्क्विड मोजून पाहू.

पहिला : महाकाय स्क्विड

याचे शास्त्रीय नाव आर्किट्यूथिस. १८५७ साली डेन्मार्कचे शास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी ते दिले. याची मादी संस्पर्शकांच्या टोकापर्यंत मोजली तर १२-१३ मीटरपर्यंत लांब भरते, म्हणजे आपल्या एस. टी. बसपेक्षाही थोडी लांब. पण या आकड्याने घाबरून जाऊ नका. त्यातील बहुतेक लांबी त्या दोन दोरीसारख्या हातांचीच असते. प्रावार जेमतेम दोन-सव्वादोन मीटरांचा असतो आणि वजन फार तर पावणेतीनशे किलोग्रॅम. डोळा मात्र सुमारे २७ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा!

आता पहिला प्रश्न : गाठ कुठे पडणार? हा प्राणी साधारणपणे ३०० ते १००० मीटर खोलीवर राहतो. हौशी पाणबुड्यांना जास्तीत जास्त ४० मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. तेव्हा ९०० मीटर खोलीवर पाण्याचे ९० आणि वरच्या हवेचे १, असा ९१ वातावरणे दाब असतो. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे ९० किलोग्रॅमचा भार! तेथे पाणबुड्या साध्या पोशाखात जाऊच शकत नाही. चाळिसाव्या मीटरवरचा माणूस आणि नवशेव्या मीटरवरचा स्क्विड हे एका अर्थी दोन निरनिराळ्या जगांचे रहिवासी आहेत.

हा प्राणी त्याच्या स्वतःच्या घरी, जिवंत, माणसाने पहिल्यांदा केव्हा टिपला, याची कल्पना आहे का? त्यासाठी २००४ साल उजाडावे लागले! जपानचे त्सुनेमी कुबोडेरा आणि क्योइची मोरी यांनी ओगासावारा बेटांजवळ ९०० मीटर खोलीवर आमिष आणि कॅमेरा सोडला होता. स्क्विडने आमिषावर झडप घातली आणि त्याचा एक संस्पर्शक गळात अडकला. चार तासांहून अधिक काळ तो सुटण्यासाठी धडपडत होता. अखेर साडेपाच मीटर लांबीचा तो हात तुटला आणि स्क्विड निसटला. या छायाचित्रांवरून एक गोष्ट दिसली. हा प्राणी सुस्त नव्हे, तो भक्ष्यावर चांगला चालून जातो. त्याच्या खोल घरात तरी त्याला दुबळा समजण्याचे कारण नाही.

मग तो वर का येत नाही? याची दोन कारणे त्याच्या शरीरातच आहेत. आपले रक्त लाल असते, कारण त्यात लोहयुक्त हीमोग्लोबिन असते. स्क्विडच्या रक्तात तांबेयुक्त हीमोसायनिन असते. महाकाय स्क्विडचे रक्त थंड पाण्यात प्राणवायू नीट धरून ठेवते, पण तापमान वाढले की त्याची ही पकड सैल होते. नॉर्वेच्या किनाऱ्याला लागलेल्या एका स्क्विडच्या रक्तावरून १९८३ साली हे दाखवून देण्यात आले. पृष्ठभागाजवळच्या उबदार पाण्यात आलेला महाकाय स्क्विड एका परीने गुदमरत असतो.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. एवढा देह बुडू नये म्हणून माशाप्रमाणे हवेची पिशवी त्याच्यापाशी नाही. त्याऐवजी त्याच्या मांसात अमोनियम क्लोराइडचे द्रावण भरलेले असते. समुद्राच्या पाण्यातील मिठात सोडियम असतो, त्याचा अणुभार २३. अमोनियम मूलकाचा भार केवळ १८. त्यामुळे हे द्रावण समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलके असते आणि स्क्विड फारसे श्रम न करता तरंगत राहतो. म्हणूनच तो मेला की बुडण्याऐवजी वर येतो. १८७० च्या दशकात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर असे बरेच स्क्विड सापडले, ते बहुधा मेलेले किंवा मरणोन्मुख होते. शिवाय, ज्या मांसात स्नायूंऐवजी एवढे द्रावण भरलेले असते, ते मांस तितकेसे बळकट नसते. लांबीवरून बळाचा अंदाज करणे येथे फसवे ठरते.

आता पोर्चुगल कोव्हच्या होडीची गोष्ट पुन्हा वाचा. प्राणी पृष्ठभागावर नुसता तरंगत होता. आधी टोचले कोणी? माणसाने!

उलट बाजूचाही दाखला पाहू. २४ डिसेंबर २०१५ रोजी जपानमधील तोयामा उपसागरातल्या एका बंदरात सुमारे ३.७ मीटर लांबीचा महाकाय स्क्विड फिरताना दिसला. एक पाणबुड्या त्याच्याजवळ पोहत गेला. स्क्विडने शाई सोडली, त्याच्याभोवती बाहू लपेटण्याचा प्रयत्नही केला. पण पाणबुड्याला काही इजा झाली नाही. उलट त्यानेच स्क्विडला बंदराबाहेर खुल्या समुद्राकडे वाट दाखवली.

जहाजांचे काय? २००३ च्या जानेवारीत मदेइरा बेटांजवळ ‘जेरोनिमो’ या फ्रेंच शर्यतीच्या नौकेला एक मोठा स्क्विड चिकटला होता आणि त्याचे बाहू सुकाणूपाशी अडकले होते. कप्तान ओलिव्हिये द केर्सोसों यांनी नौका थांबवताच स्क्विड आपणहून सोडून गेला. नौका बुडवण्याचा त्याचा बेत असता, तर थांबलेली नौका ही आयती संधी होती.

दुसऱ्या महायुद्धातील एक कथा पुस्तकांतून वारंवार येते. मार्च १९४१ मध्ये ‘ब्रिटानिया’ हे जहाज जर्मनांनी अटलांटिक महासागरात बुडवले. तराफ्याला लटकलेल्या एका माणसाला मोठ्या स्क्विडने ओढून नेले, असे त्यातून वाचलेल्यांनी पुढे सांगितले. सांगणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अंधार, तहान, शार्क मासे आणि मृत्यूची छाया या परिस्थितीत पाहिलेल्या गोष्टीला विज्ञानात पुरावा म्हणता येत नाही. तिला फार तर ‘निर्णय राखून ठेवलेली साक्ष’ म्हणावे.

दुसरा : त्याहून वजनदार

दक्षिण ध्रुवाभोवतालच्या गोठणाऱ्या समुद्रात याहूनही भारी स्क्विड राहतो. त्याचे नाव मेसोनिकोट्यूथिस. आपण त्याला प्रचंड स्क्विड म्हणू. १९२५ साली गाय रॉब्सन या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, तेही वसातिमी देवमाशाच्या पोटात सापडलेल्या बाहूंच्या तुकड्यांवरून! फेब्रुवारी २००७ मध्ये रॉस समुद्रात न्यूझीलंडच्या एका मच्छीमार जहाजाच्या गळाला लागलेला मासा खाता खाता असा एक स्क्विड वर आला. त्याचे वजन भरले ४९५ किलोग्रॅम. आज तो वेलिंग्टन येथील ‘ते पापा’ संग्रहालयात आहे.

याच्या बाहूंवर चूषकांबरोबर वाकडे, तीक्ष्ण आकडेही असतात. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे बळाचे उत्तर चांगलेच मोठे आहे. पण पहिल्या प्रश्नाचे? हा प्राणी त्याच्या घरी जिवंत असताना प्रथम चित्रित झाला तो मार्च २०२५ मध्ये, साउथ सँडविच बेटांजवळ सुमारे ६०० मीटर खोलीवर. आणि तेही जेमतेम ३० सेंटीमीटरचे पिल्लू, माणसाविना चालणाऱ्या यंत्राच्या कॅमेऱ्यात. नाव ठेवल्यापासून शंभर वर्षांनी पहिली भेट! ज्याच्याशी गाठ पडायला शास्त्रज्ञांना शतक लागले, त्याच्यापासून पाणबुड्याला धोका तो किती असणार?

आणखी एक आकडा पाहा. थंड पाण्यात राहणाऱ्या या प्राण्याच्या शरीराचा व्यापार अतिशय संथ चालतो. पाचशे किलोग्रॅमच्या स्क्विडला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम अन्न पुरत असावे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ज्याला रोज मूठभर अन्न पुरते, तो भक्ष्याच्या मागे धावत समुद्र धुंडाळीत नसणार. तो वाट पाहत बसणारा शिकारी असावा.

तिसरा : लाल सैतान

आता मात्र सावध व्हा. आतापर्यंतच्या दोघांहून कितीतरी लहान असलेला तिसरा स्क्विड आपल्या फूटपट्टीवर सर्वांत वर जातो. त्याचे नाव हम्बोल्ट स्क्विड. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाहणाऱ्या हम्बोल्ट प्रवाहावरून हे नाव पडले. चिलीपासून मेक्सिको आणि कॅलिफोर्नियापर्यंत तो आढळतो. लांबी सुमारे दोन मीटरपर्यंत, वजन फार झाले तर ५० किलोग्रॅम. चवताळला की त्याचे अंग लाल-पांढरे लुकलुकते, म्हणून मेक्सिकोतील कोळी त्याला ‘लाल सैतान’ म्हणतात.

पहिला प्रश्न : गाठ पडते का? हो, पडते. दिवसा तो खोल असतो, पण रात्री भक्ष्यामागे पृष्ठभागाजवळ येतो, आणि एकटा नव्हे, शेकड्यांच्या झुंडीने. दुसरा प्रश्न : बळ आहे का? आहे. याचे शरीर स्नायूंनी भरलेले असते. तो ताशी सुमारे २४ किलोमीटर वेग गाठू शकतो. प्रत्येक हातावर शंभराहून अधिक चूषक आणि प्रत्येक चूषकाला दात्यांची कडी. त्याच्या चोचीचे टोक तर इतके कठीण असते की, चोचीचा बुंधा त्याच्या शंभरपट मऊ ठरतो.

चूषकाच्या बळाचा एक ढोबळ हिशेब करू. समजा, एका मोठ्या स्क्विडच्या चूषकाचा व्यास ३ सेंटीमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ ३.१४ × १.५ × १.५, म्हणजे सुमारे ७ चौरस सेंटीमीटर. आतील आणि बाहेरील दाबांत एका वातावरणाचा फरक असेल, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅमचा भार येतो. म्हणजे एक चूषक ७ किलोग्रॅमचे ओझे धरून ठेवील आणि दहा चूषक एका माणसाचे. काही शीर्षपादांच्या चूषकांत याहून जास्त दाबफरकही मोजला गेला आहे. मात्र चूषकाला गुळगुळीत पृष्ठ लागते. खडबडीत किंवा सुरकुतलेल्या कापडावर कडेने पाणी आत शिरते आणि पकड सुटते. तेथे दात्यांची कडी उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न राहिला : हे बळ तो आपल्यावर वापरतो का? येथे साक्षी दोन प्रकारच्या आहेत. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या आखातात रात्री चित्रण करणाऱ्या एका पाणबुड्याला काही स्क्विडनी एकदम पकडले आणि त्याच्या अंगावरील चकाकणाऱ्या वस्तू हिसकावून घेतल्या. जुलै २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ या स्क्विडची झुंड आली, तेव्हा एका पाणबुड्या महिलेचा दिवा आणि पोशाखात हवा सोडण्याची नळी त्यांनी ओढली. याउलट, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विल्यम गिली यांनी अनेक वर्षे या स्क्विडचा अभ्यास केला. त्यांच्यामध्ये पाण्यात उतरूनही त्यांना आढळला तो बहुधा कुतूहलाने हात लावून पाहणारा प्राणी.

मग खरे कोणाचे? दोन्ही खरे असू शकते! परिस्थिती कोणती होती, हे पाहिले पाहिजे. हम्बोल्ट स्क्विडचे मुख्य अन्न म्हणजे अंगावर प्रकाशबिंदू असलेले लहान मासे. काळोख्या पाण्यात चमकणारा दिवा किंवा चकाकणारी साखळी त्याला कशी वाटत असेल, याची कल्पना करा. शिवाय, गळाला लागून धडपडणाऱ्या आपल्याच भाईबंदांनाही हे स्क्विड खातात. अशा खादाडीच्या गोंधळात दिवा घेऊन उतरणारा माणूस हा त्यांच्या जेवणाच्या पानात जाऊन बसल्यासारखाच आहे. तरीसुद्धा या स्क्विडने माणसाचा जीव घेतल्याची पुराव्यानिशी सिद्ध झालेली नोंद नाही. जखमा, ओरखडे, ओढाताण यांच्या नोंदी आहेत.

खरा घातक कोण?

येथे भौतिकशास्त्र आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट सांगते. जमिनीवर ७० किलोग्रॅमच्या माणसाला उचलायला तेवढाच जोर लावावा लागतो. पण पाणबुड्या आपले वजन असे साधून घेतो की तो पाण्यात बुडतही नाही आणि वरही येत नाही. त्याचे पाण्यातील वजन जवळजवळ शून्य असते. अशा माणसाला वीस किलोग्रॅमचा स्क्विडसुद्धा सहज खाली ओढू शकतो. १० मीटरवरून २० मीटरवर गेले की दाब २ वातावरणांवरून ३ होतो. कानाच्या पडद्यावर ताण येतो, माणूस गोंधळतो.

आणि गोंधळलेला माणूस काय करतो? श्वास रोखून वर धाव घेतो! बॉइलचा नियम तुम्ही शिकला आहात : दाब एक-तृतीयांश झाला की वायूचे आकारमान तिप्पट होते. २० मीटर खोलीवर फुप्फुसांत ५ लिटर हवा भरून, श्वास रोखून कोणी एकदम वर आला, तर त्या हवेला १५ लिटर जागा हवी असते. फुप्फुसांत तेवढी जागा कुठली? ती फाटतात. म्हणून पाणबुड्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात : काहीही झाले तरी श्वास रोखू नका, घाईने वर येऊ नका. स्क्विडचा ओरखडा टाके घालून बरा होतो. भीतीने घेतलेली ती धाव प्राणघातक ठरू शकते.

मच्छीमारांचेही तसेच आहे. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी लहान नौकांतून दूर समुद्रात जातात आणि रात्री हाताने दोरी ओढून हे स्क्विड पकडतात. दोरीच्या टोकाला दांडा आणि दांड्याभोवती तीक्ष्ण आकड्यांची गोल रांग असते. तीस किलोग्रॅमचा, झटके देणारा प्राणी अंधारात, हलत्या, ओल्या, शाईने निसरड्या झालेल्या नौकेत ओढून घ्यायचा असतो. डोळ्यांत पाण्याचा फवारा बसतो, बेसावध बोट चोचीत सापडते, आकडा हातात रुततो. सर्वांत मोठे भय तोल जाऊन अंधाऱ्या, थंड पाण्यात पडण्याचे. मासेमारी हा मुळातच जोखमीचा धंदा आहे. त्यात स्क्विड ही एक भर. पण ‘राक्षस’ म्हणून नव्हे, तर जड, निसटता आणि जिवंत माल म्हणून.

धोका नेहमी आकाराबरोबर वाढतो असे मानणाऱ्यांसाठी एक शेवटचे उदाहरण. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर निळ्या वलयांचा अष्टपाद आढळतो. तो तळहातावर मावतो. पण त्याच्या लाळेतील विष माणसाचे श्वासाचे स्नायू लुळे पाडते. त्यावर उताराही नाही. विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास देत राहणे हाच उपाय. त्याच्या दंशाने माणसे मेल्याच्या नोंदी आहेत. तेरा मीटरवाल्याच्या नावावर जी गोष्ट सिद्ध होत नाही, ती या टीचभर प्राण्याच्या नावावर आहे!

आपल्या समुद्रात काय?

आपल्या किनाऱ्याजवळची माकुल वीतभर, फार तर हातभर. तिच्यापासून कोणाला भय नाही. किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्राच्या खोल भागात मात्र जांभळ्या पाठीचा उडता स्क्विड राहतो. त्याची मोठी जात केवळ अरबी समुद्राच्या परिसरात आढळते आणि तिचा प्रावार ६० सेंटीमीटरपेक्षाही लांब होतो. तो वेगाने पाण्याबाहेर झेप घेतो. पण तो खोल समुद्रातला रहिवासी आहे. मालवणला किंवा गोव्याला पाण्यात उतरणाऱ्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. त्याने चिंता करावी ती ओहोटीच्या ओढीची आणि स्वतःच्या फाजील धाडसाची.

तेव्हा आपला निकाल असा : जो सर्वांत मोठा, त्याची गाठ पडत नाही. ज्याची गाठ पडते, तो सर्वांत मोठा नाही. आणि तोही बहुधा भूक, प्रकाश किंवा माणसाची आगळीक यांमुळेच अंगावर येतो. कोणी तुम्हांला एखाद्या प्राण्याची, रोगाची किंवा यंत्राची भीती घातली, तर घाबरण्याआधी ते तीन प्रश्न विचारा : गाठ पडते का? बळ किती? आणि ते केव्हा वापरले जाते? काही भये या प्रश्नांनी विरघळून जातील. काही मात्र पूर्वीपेक्षा मोठी होतील, आणि तीच खरी जपण्याजोगी असतील.

करून पाहा : भिंतीला चिकटणारा रबरी पेला असलेली एक खुंटी बाजारातून आणा. पेल्याचा व्यास मोजून क्षेत्रफळ काढा आणि ती किती किलोग्रॅमचे ओझे धरील, याचा वरीलप्रमाणे हिशेब करा. मग ती ओल्या, गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर दाबून बसवा आणि प्रयोगशाळेतील तणावकाट्याने सरळ ओढून प्रत्यक्ष आकडा मोजा. तो हिशेबापेक्षा कमी येईल. का, याचा विचार करा. नंतर फरशीऐवजी खडबडीत दगड घेऊन पाहा, म्हणजे स्क्विडच्या चूषकाला दात्यांची कडी कशाला लागते, ते आपोआप कळेल.